निजस्वर

आठ वल्ह्यांच्या बोटीत नऊ जणी बसतात. वल्हवणाऱ्या आठही जणींची पाठ शर्यतीच्या शेवटाकडे असते, त्यामुळे आपण कुठे चाललोय हे त्यांना दिसत नाही. दिसतं फक्त नवव्या बाईला. ती बोटीच्या मागच्या टोकाला त्यांच्याकडे तोंड करून बसते, सुकाणूची दोरी हातात धरते आणि बोलत राहते. तिला कॉक्स म्हणतात. वल्हं तिच्या हातात कधीच येत नाही. तिचं सगळं काम आवाजावर चालतं.

हर्षाली बेंडकोळी ही अशी कॉक्स होती. उंची चार फूट दहा इंच, वजन सेहेचाळीस किलो. तिचे वडील गंगापूर धरणाच्या पंपघरावर कामाला होते, त्यामुळे शाळा सुटली की ती काठावरच असायची. तिनं एका काठावरून हाक मारली की समोरच्या काठावरचे बगळे उडायचे, असं तिचे प्रशिक्षक सुभेदार ढिकले सांगत. ढिकले सर सैन्यातून निवृत्त झालेले, मिशीवाले, कमी बोलणारे. २०३८ साली महिलांच्या राष्ट्रीय संघाचं शिबिर नाशिकला आलं, तेव्हा सहा राज्यांतून आलेल्या आठ उंच मुलींसमोर त्यांनी हर्षालीला उभं केलं आणि म्हणाले, "ही तुमची कप्तान. हिचं ऐकायचं."

ऐकायचं खरं, पण कुठल्या भाषेत? निम्म्या मुलींना हिंदी धड येत नव्हती आणि इंग्रजी सगळ्यांनाच परकी. पहिले तीन महिने बोट पाण्यावर लंगडत चालली. मग हळूहळू एक बोली तयार झाली. ती कुणी ठरवून केली नाही. ‘ओढ’ हा मराठी शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला. पंजाबच्या हरलीननं वल्हं उचलायचा शब्द दिला, ‘चक’. केरळातल्या कुट्टनाडहून आलेली जिन्सी दमली की ‘मती’ म्हणायची. मल्याळममध्ये त्याचा अर्थ पुरे. मेसमधल्या मावशी भात वाढायला लागल्या की जिन्सी ताटावर हात धरून तेच म्हणायची, "मावशी, मती." महिन्याभरात सगळी बोट मती म्हणायला लागली. शर्यतीत कुणी जास्त ताणतेय, मोडेल असं वाटलं, की हर्षाली तिचं नाव घेऊन ‘मती’ म्हणे आणि ती मुलगी जोर उतरवी. या बोलीला व्याकरण नव्हतं आणि बाहेरच्या कुणाला ती कळतही नव्हती.

जिन्सी कुरियन पहिल्या जागेवर, म्हणजे हर्षालीच्या अगदी समोर बसायची. दोघींचे गुडघे जवळजवळ लागत. दिवसाचे चार तास एकमेकींच्या तोंडाकडे बघण्यात जात. एकदा धक्क्यावर पाय सोडून बसल्या असताना हरलीन म्हणाली, "हम जीतेंगे." जिन्सीनं हर्षालीला विचारलं, "ताई, हम म्हणजे आपण की आम्ही?"

हर्षाली चमकली. "तुमच्यात पण दोन आहेत?"

"आहेत ना. नम्मळ म्हणजे तू पण धरून." दुसरा शब्द जिन्सीनं सांगितला, पण तो हर्षालीला उच्चारताच येईना. जिन्सी हसून हसून मागे पडली. "तो नको शिकू. बोटीत तो लागत नाही."

तेव्हापासून बोटीत ‘आम्ही’ बंद झालं. हर्षाली ओरडायची, "आपण आता दहा ओढू! आपण!" आणि आठ वल्ही एकदम पाण्यात जायची.

पाच वर्षांत त्या आशियात सहाव्या क्रमांकापर्यंत आल्या. दोन हजार मीटरला सहा मिनिटं एकतीस सेकंद. तिथून वेळ खाली येईना.

*

डॉ. केतकी सोहोनी शिबिरात आल्या त्या २०४३च्या फेब्रुवारीत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्या भाषा आणि मेंदू या विषयावर काम करत होत्या. साध्या, सुती साडीतल्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्यांच्या पेटीत मक्याच्या दाण्याएवढी आठ यंत्रं होती.

"ओढ हा शब्द कानावर पडला," त्या मुलींना समजावून सांगत होत्या, "की हात हलायच्या आधी मेंदूतला हाताचा भाग जागा होतो. मायबोलीतला शब्द तिथे थेट पोचतो. नंतर शिकलेल्या भाषेतला शब्द वाटेत थांबतो, त्याचा अर्थ लावावा लागतो. थांबतो सेकंदाच्या सोळाव्या भागापुरताच. पण एका शर्यतीत तुमची वल्ही सव्वादोनशे वेळा पाण्यात जातात. सगळा वेळ वाचेल असं नाही, थोडा नक्की वाचेल."

ढिकले सर म्हणाले, "म्हणजे बेंडकोळी बोलणार मराठीत, आणि प्रत्येकीला ऐकू येणार आपापल्या भाषेत."

"हो. आणि आवाजाचंही तसंच आहे. जन्माच्या आधीपासून ऐकलेला आवाज सगळ्यांत लवकर पोचतो. बहुतेकींच्या बाबतीत तो आईचा असतो."

यंत्राचं नाव होतं निजस्वर. मुली त्याला दाणा म्हणायला लागल्या. तो कानामागे चिकटवायचा. बाहेरचा आवाज तो उलट लहरी सोडून पुसून टाकी आणि हाडातून थेट आतल्या कानाला बोले. हर्षालीच्या पाच वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवरून ती पुढे काय म्हणणार याचा त्याला आधीच अंदाज असे, म्हणून भाषांतराला उशीर होत नसे. हर्षालीच्या स्वतःच्या कानात मात्र दाणा नव्हता. तिला पाणी आणि वल्ही ऐकू यायला हवी होती.

आवाजाचे नमुने प्रत्येकीनं आपापल्या घरून मागवले. जिन्सीची आई, तिची अम्मच्ची, दोन वर्षांपूर्वी कर्करोगानं गेली होती. जिन्सीच्या फोनमध्ये तिचे दोनशे चौदा निरोप होते. जिन्सीनं ते सगळे दिले.

पहिल्या दिवशी बोट पाण्यात गेली. हर्षाली म्हणाली, "चला, सावकाश. आपण सुरुवात करू."

जिन्सीचं वल्हं हवेतच थांबलं. तिचा चेहरा हर्षालीच्या समोर, दोन फुटांवर होता. आधी तिचे ओठ हलले, मग डोळे भरून आले आणि ती वल्ह्यावर डोकं टेकून रडायला लागली. हर्षालीनं पुढे वाकून तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अगं, काढू का ते? नको असलं तर काढू."

जिन्सीनं मान हलवली. तिनं ते वाक्य कुणाच्या आवाजात ऐकलं असेल हे हर्षालीच्या लक्षात आलं आणि तिनं हात मागे घेतला.

त्यानंतर जिन्सी अशी वल्हवली की ढिकले सरांनी घड्याळ दोनदा पाहिलं.

*

पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत वेळ सहा एकोणीसवर आली. बारा सेकंद! आशियात इतक्या झपाट्यानं कुणी पुढे आलं नव्हतं. जुन्यांपैकी पाच मुली या ना त्या कारणानं गेल्या, पाच नव्या आल्या. पूर्वी नव्या मुलीला बोटीची बोली अंगवळणी पडायला सहा महिने लागत. आता ती आल्या दिवशी दाणा लावून पाण्यात उतरे. मेसमध्येही सगळ्या दाणे लावूनच बसत. जी ती आपल्या भाषेत बोले, प्रत्येकीला सगळं समजे. मावशींनाही एक दाणा दिला होता. ताटावर हात धरून मती म्हणायची गरज कुणाला उरली नाही.

एक दिवस सरावानंतर हरलीन हर्षालीकडे आली. आता हर्षालीशी बोलायचं तर फोनमधून सपाट मराठीत भाषांतर येई. "ताई, तू सारखी मलाच का बोलतेस? मी काय कमी ओढते?"

"तुला एकटीला? मी सगळ्यांना सांगत होते."

"नाही. तू म्हणालीस, हरलीन, तू दहा ओढ. सगळं तुझ्यावर आहे."

शेजारची नवी मुलगी वळली. "तिला कुठे? ताई मला म्हणाल्या तसं."

आठही जणी एकेक करून तेच सांगायला लागल्या. आधी हशा झाला. हर्षालीही हसली. मग ती तशीच ओल्या कपड्यांनी डॉ. सोहोनींच्या खोलीवर गेली.

"मी आपण म्हणते मॅडम. यांना तू ऐकू येतं."

डॉ. सोहोनींनी लपवलं नाही. पडद्यावर आलेख काढून दाखवला. "दोरी ओढणारी माणसं जितकी जास्त, तितका एकेकाचा जोर कमी होतो. आपल्या वाट्याचं थोडं दुसरा ओढेल असं मन धरून चालतं. आपण या शब्दानं तेच होतं. मार्च महिन्यात आम्ही दोन्ही करून पाहिलं. तू म्हटल्यावर प्रत्येकीचा जोर सरासरी दोन टक्क्यांनी वाढतो. मी सरांना विचारून बदल केला."

"मला नाही विचारलंत."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुमच्या आवाजात फरक पडला असता."

हर्षाली ढिकले सरांकडे गेली. ते जेट्टीवर उभे राहून वल्ही मोजून ठेवत होते. तिनं सगळं सांगितलं. सरांनी हातातलं वल्हं खाली ठेवलं.

"बेंडकोळी, मलाही ते आवडलं नाही," ते म्हणाले. "पण बारा सेकंद आहेत. पाच वर्षं मी एक सेकंद शोधत होतो. तू सांग, बंद करू? तू म्हणालीस तर उद्या बंद करतो."

तिनं धरणाच्या पाण्याकडे पाहिलं. बंद करा, असं ती म्हणू शकत होती. आशियाई अजिंक्यपदाला सतरा आठवडे उरले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा पदक खरोखर दिसत होतं.

"राहू द्या," ती म्हणाली.

जिन्सी आता तिच्या तोंडाकडे बघत नसे. डोळे मिटून वल्हवायची. चेहरा शांत, कुणीतरी केसांतून हात फिरवत असल्यासारखा. सराव संपला की डोळे उघडायची आणि समोर हर्षाली दिसली की क्षणभर तिला ओळख पटत नसे.

*

अजिंक्यपद एका आखाती देशात, वाळवंटात खणलेल्या तलावावर होतं. अंतिम शर्यत सकाळी नऊला ठेवली होती, तरी पारा त्रेचाळीसवर होता.

आदल्या संध्याकाळी हर्षालीनं जिन्सीच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं.

"ताई, सरांना नको," जिन्सी म्हणाली. त्या दिवशी तिनं दाणा चार्ज करायला काढून ठेवला होता. कित्येक महिन्यांनी ती हर्षालीशी तोंडानं बोलली, तुटक मराठीत. "गोळी घेतली. उद्या ठीक."

हर्षालीनं सरांना सांगितलं नाही. जिन्सीच्या जागी बसायला दुसरी मुलगी होती, पण ती सहा एकोणीसची नव्हती.

सुरुवातीच्या रेषेवर एका संघाच्या बोटीचा खिळा सैल निघाला आणि दुरुस्ती होईपर्यंत सहा बोटी चाळीस मिनिटं उन्हात उभ्या राहिल्या. हर्षालीनं सगळ्यांच्या अंगावर पाणी मारलं. मग बावटा पडला.

पहिले हजार मीटर बोट उडत गेली. पंधराशेला त्या तिसऱ्या होत्या आणि दुसऱ्या क्रमांकाचा संघ अर्ध्या बोटीच्या अंतरावर दिसत होता. तेव्हा हर्षालीला जिन्सीचं वल्हं किंचित उशिरा पडताना दिसलं. जिन्सीनं कधी ठेका चुकवला नव्हता. तिचे डोळे आज मिटलेले नव्हते. ते उघडे होते आणि कुठेतरी भलतीकडेच फिरत होते. ओठाच्या कडेनं लाळ गळत होती.

हर्षालीनं गळ्यातल्या माइकवरचं, फक्त जिन्सीला ऐकू जाईल असं बटण दाबलं. जीव घाबरला की माणसाच्या तोंडी जुनाच शब्द येतो.

"जिन्सी, मती. मती गं!"

जिन्सीच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं. तिनं वल्हं खोल घातलं आणि पूर्वीपेक्षा जोरात ओढलं.

"मती! जिन्सी, मती!"

आणखी जोरात. बोट पुढे सरकली. हिला ऐकू येत नाही की काय, असं हर्षालीला वाटलं. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओरडली. दरवेळी जिन्सी मान डोलावत होती आणि ओढत होती. डाव्या बाजूला दुसऱ्या संघाची बोट मागे पडताना हर्षालीला दिसली. चारशे मीटर. तीनशे. एका मिनिटाचा तर प्रश्न आहे, असं तिच्या मनात आलं, आणि ती ‘थांबा’ म्हणाली नाही.

रौप्यपदक मिळालं. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा जिन्सी वल्ह्यावर वाकली आणि मग बाजूला कलंडून पाण्यात गेली.

*

अंगातला ताप बेचाळीसच्या जवळ गेला होता. नऊ दिवस ती शुद्धीवर नव्हती. उष्माघातात मेंदूच्या मागच्या बाजूचा जो भाग जळतो, तो हालचालींचा ठेका सांभाळतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. जिन्सी जगली. पण पेला तोंडाशी नेताना तिचा हात वाऱ्यावर हलणाऱ्या फांदीसारखा थरथरे, पाय ठरल्या जागी पडत नसत आणि जीभ जड झाली होती. ती बोटीत पुन्हा बसणार नव्हती. धरल्याशिवाय चालणार नव्हती.

चौकशी समितीनं नोंदी पडद्यावर लावल्या. तिथे सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. आलेला शब्द: मती. बोलणारीची भाषा: मराठी. अर्थ: बुद्धी, मन. आणि जिन्सीच्या कानात, आईच्या आवाजात गेलेलं वाक्य: "मन लाव, मोळे, मन लाव." मोळे म्हणजे लेकी. ते वाक्य अकरा वेळा गेलं होतं.

हर्षाली उभी राहिली. "तो शब्द मराठीतला नाही. आमचा आहे."

"आमचा म्हणजे कुठल्या भाषेतला?" अध्यक्षांनी विचारलं. ते कुजकट माणूस नव्हते, खरोखरच विचारत होते.

"मूळ मल्याळममधला. पण मी मल्याळम बोलत नव्हते. ती... बोटीतली भाषा आहे. होती."

"यंत्रणेला बावीस भाषा येतात. त्यांत ही कुठे आहे?"

"नाही."

"कुठे लिहून ठेवलीय?"

"नाही."

त्यांनी हरलीनला बोलावलं. जुन्या मुलींपैकी जिन्सी, हरलीन आणि आणखी एक एवढ्याच उरल्या होत्या, आणि ती आणखी एक लग्न होऊन कॅनडात गेली होती. हरलीननं डोळे बारीक करून आठवायचा प्रयत्न केला. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती.

"असं काहीतरी म्हणायचो आम्ही," तिच्या शब्दांचं मराठी फोनमधून आलं. "पण त्याचा अर्थ नक्की काय होता, ते मला सांगता येणार नाही. दीड वर्ष झालं. ताईंचं बोलणं मी माझ्या मम्मीच्या पंजाबीतच ऐकलंय."

हर्षाली तिच्याकडे बघत राहिली. हरलीन रडायला लागली आणि काय म्हणाली ते फोननं सांगितलं नाही, कारण ते शब्द नव्हते.

निघता निघता डॉ. सोहोनींनी एकच प्रश्न विचारला. त्यांचा आवाज बसला होता, बरेच दिवस झोपल्या नसाव्यात. "हर्षाली, थांबा हा शब्द यादीत होता. तो तिला बरोबर ऐकू गेला असता. तुम्ही थांबा का नाही म्हणालात?"

या प्रश्नाला हर्षालीकडे उत्तर होतं. ते तिनं समितीला दिलं नाही.

यंत्रणेत दोष आढळला नाही, असा निकाल लागला. कॉक्सनं नोंदीतल्या भाषेबाहेरचा शब्द वापरल्यामुळे अपघात झाला. पुढच्या मोसमात हर्षालीच्या जागी सोळा वर्षांची एक हलकी मुलगी बसली. तिनं फक्त सुकाणू धरायचं होतं. बोलायचं काम हर्षालीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर शिकलेलं यंत्र करणार होतं. त्या वर्षी संघाला सुवर्णपदक मिळालं. ढिकले सरांनी निवृत्ती घेतली आणि दिंडोरीला आपल्या द्राक्षबागेत जाऊन राहिले. हर्षालीचा फोन ते उचलत, पण बोलणं द्राक्षांपलीकडे जात नसे.

एकदा डॉ. सोहोनींचा फोन आला. "मती शब्द आम्ही नव्या आवृत्तीत घातलाय. अर्थ, संदर्भ, सगळं नीट. तुम्हाला कळवावंसं वाटलं."

"बरं केलंत," हर्षाली म्हणाली. "आता तो म्हणणारं कोण आहे?"

*

नाशिकरोडला राहणाऱ्या एका मल्याळी नर्सबाईंकडे हर्षाली वर्षभर शिकायला गेली. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सहा ते आठ. लिपी तिला जमली नाही, पण बोलणं आलं. जो शब्द पूर्वी उच्चारता येत नव्हता, तोही आला. तिला जिन्सीला दोन गोष्टी सांगायच्या होत्या आणि त्या कुठल्याही यंत्रातून जायला नको होत्या. मी त्या दिवशी पुरे म्हणत होते, ही एक. आणि मी बोट थांबवू शकले असते, पदकासाठी थांबवली नाही, ही दुसरी. नर्सबाईंकडून तिनं ही वाक्यं इतकी घोटून घेतली की बाईंनी एकदा वही बंद केली आणि म्हणाल्या, "पुरे आता. जा तिच्याकडे."

जिन्सीचं घर कालव्याच्या काठावर होतं, जायला होडीच लागे. तिचे वडील कुरियाचन पायरीवर आले. उंच, पांढऱ्या लुंगीतले, पाठीत वाकलेले. हर्षालीनं मल्याळममध्ये नमस्कार केला, आपण कोण ते सांगितलं. त्यांचा चेहरा आधी घट्ट झाला आणि मग, तिचे उच्चार ऐकून, थोडा सैलावला.

"चहा घ्या," ते म्हणाले. त्याहून जास्त आपुलकी त्यांनी दाखवली नाही. तिलाही तेवढीच बरोबर वाटली.

आतून टीव्हीचा आवाज येत होता. कुठल्यातरी दूरच्या देशातल्या बातम्या, रशियन असाव्यात.

"तिला रशियन येते?" हर्षालीनं विचारलं.

"छे." कुरियाचननी कप तिच्यासमोर ठेवला. "तो दाणा ती काढत नाही. झोपताना नाही, आंघोळीलाही नाही. आम्ही मल्याळममध्ये बोललो की तो गप्प बसतो. त्याला भाषांतर करायला काही नसतं ना. म्हणून दिवसभर परक्या भाषेतलं काहीतरी लावून ठेवते." त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. "माझी बायको सकाळपासून बातम्या वाचत असते. मला ऐकू येत नाही. तिला एकटीला येतं."

जिन्सी खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसली होती. खूप वाळली होती, खांदे मात्र अजून रुंद होते. मांडीवर दोन्ही हात होते आणि ते हलत होते. हर्षालीला पाहून तिनं टीव्ही बंद केला. ओळखलं होतं. ओठांचा एक कोपरा वर गेला.

हर्षाली तिच्यासमोर स्टुलावर बसली. दोघींचे गुडघे जवळजवळ लागले. तिनं श्वास घेतला आणि मल्याळममध्ये सुरुवात केली, "जिन्सी, त्या दिवशी बोटीत..."

जिन्सीनं थरथरता हात उचलला आणि तिच्या तोंडासमोर धरला. जड जिभेनं एकेक अक्षर जुळवत ती म्हणाली, "मराठी. ताई... मराठीत बोल."

"मी शिकले गं. तुझ्यासाठी शिकले. हे मला तुझ्याशी..."

"नको." जिन्सीच्या डोळ्यांत विनवणी होती. "मराठीत. तू बोललीस की... ती छान बोलते. टीव्हीवर नाही तसं." तिनं कानामागे बोट नेलं, ते दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा दाण्याला लागलं. "तुझं बोलणं तिला जमतं. पुष्कळ वर्षं ऐकलंय तिनं."

हर्षालीनं दाराकडे पाहिलं. कुरियाचन तिथे उभे होते आणि जमिनीकडे बघत होते.

मराठीत तर मराठीत, असं हर्षालीच्या मनात आलं. सांगून तर टाकू. तिनं तोंड उघडलं. मी बोट थांबवू शकले असते. पदकासाठी थांबवली नाही. दोनच वाक्यं. आणि मग तिला कळलं की ती वाक्यं जिन्सीच्या कानात कुणाच्या आवाजात जातील. ज्या आवाजानं अकरा वेळा मन लाव म्हटलं होतं, तोच आवाज आता म्हणेल, मी तुला थांबवू शकले असते, मोळे, थांबवलं नाही. जिन्सीजवळ आता तेवढा एक आवाज उरला होता.

मल्याळममध्ये जिन्सी ऐकणार नव्हती, आणि मराठीत सांगणं शक्य नव्हतं. हर्षालीला तिसरी, बोटीतली भाषा येत होती, पण ती कुणाला ऐकवावी असं आता कुणी उरलं नव्हतं.

जिन्सी डोळे मिटून वाट बघत होती. मान किंचित पुढे, केसांतून हात फिरेल अशी.

"जेवलीस का गं?" हर्षालीनं विचारलं.

जिन्सीचा चेहरा निवला. ती मल्याळममध्ये बोलली, हळू, तुटक, आणि त्यातला शब्द न् शब्द हर्षालीला समजला.

"जेवले, अम्मच्ची. तू?"

"जेवले," हर्षाली म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.